तीन नंबरचं लेणं आणि आरसी-थ्री

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, तसं आम्हा छत्रपती संभाजीनगरच्या लोकांचं लेण्यांच्या बाबतीत आहे. वेरूळ तर जवळच, अजिंठाही शंभरेक किलोमीटरवर, पण घरी पाहुणे आल्याशिवाय आमची पावलं काही तिकडं वळत नाहीत. या वेळी नाशिकहून ताई आली होती, सोबत सहावीतला भाचा. शनिवारी सकाळी लवकर निघालो, फुलंब्री, सिल्लोड करत फर्दापूरला गाडी लावली आणि पुढच्या बसने लेण्यांपाशी पोचलो.

भाचा पूर्ण तयारीनिशी आला होता. वहीत १ ते २९ आकडे एकाखाली एक लिहिलेले. लेणं बघून झालं की पुढं टिक करायची. (आमच्या टेस्टिंगवाल्यांपेक्षा बरी शिस्त. असो.) १ नंबर झालं, पद्मपाणी बघून साहेब खूश. २ नंबर झालं, छत बघून मान दुखली. ३ नंबरपाशी गाडी अडली.

"मामा, तीन नंबरात काहीच नाही!"

खरंच काही नाही. खोदायला नुकती सुरुवात केलेली आणि तशीच सोडून दिलेली. पुढं ४ नंबर म्हणजे अजिंठ्यातला सगळ्यात मोठा विहार, पण तोही पूर्ण झालेला नाही. ५ नंबरला दाराची चौकट तेवढी सुरेख कोरलेली आणि आत बाकी उघडा दगड. म्हणजे लॉगिन स्क्रीन तयार आणि पुढं काहीच नाही, असलं सॉफ्टवेअर असतं ना, तसं.

"काम झालंच नाही तर मग नंबर कशाला दिला?" भाच्याचा प्रश्न.

मी "मोजणाऱ्याने मोजलं म्हणून" असं काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. खरं सांगायचं तर मला जरा झोंबलंच. कारण अगदी हाच प्रश्न तीन आठवड्यांपूर्वी मला ऑफिसात विचारला गेला होता. प्रश्न माझ्या मॅनेजरचा होता आणि आवाज भाच्यापेक्षा बराच वरचा.

तर झालं होतं असं. आम्ही दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो. (कोणती कंपनी, कोणते ग्राहक ते सोडा.) नवीन आवृत्ती २.० बाहेर पडायच्या आधी काही दुकानांत चाचणीसाठी आरसी, म्हणजे रिलीज कॅन्डिडेट, टाकायची पद्धत आहे. 'हीच शेवटची ठरेल असं वाटतंय, पण अजून खात्री नाही' असा त्याचा अर्थ. मी तिसऱ्या आरसीचं पॅकेज केलं आणि नंबर दिला २.०आरसी३. दुकानांत ते बसलं. त्यात कराच्या रकमेचं राउंडिंग चुकत होतं, काही बिलं एक रुपयाने इकडंतिकडं होत होती. ते सापडलं, दुरुस्त केलं, आणि पक्कं २.० बाहेर काढलं. सर्व्हरवर ठेवलं. दुकानांतली मशीन रात्री आपोआप अपडेट होतात. मी मॅनेजरना मेल टाकला, 'सगळीकडे २.० गेलं.'

सगळीकडे गेलं होतं, फक्त ज्या दुकानांत आरसी होती तिथं सोडून! तिथली मशीन रोज रात्री सर्व्हरला विचारायची, नवीन काही आहे का, आणि स्वतःच ठरवायची की आपल्याकडे आहे तेच सगळ्यात नवीन. सतरा दिवस ती दुकानं चुकीचं बिल छापत राहिली. एरर नाही, लॉग नाही. एका दुकानदाराच्या अकाउंटंटने महिन्याचा हिशोब जुळेना म्हणून फोन केला तेव्हा कळलं.

मशीनचं काय चुकलं? काहीच नाही. मराठी शब्दकोश उघडा. 'काम' आधी येतं की 'कामगार'? अर्थात काम. दोन शब्द सुरुवातीला सारखे असले तर ज्याला शेपूट आहे तो नंतर. आमच्या मशीनवर डेबियन घराण्यातलं लिनक्स आहे. तिथला नियमही साधारण असाच: २.० आणि २.०आरसी३ ही दोन नावं समोर आली तर २.० पर्यंत दोघं सारखे, पुढं एकाकडे काहीच नाही आणि दुसऱ्याकडे 'आरसी३' आहे. काहीच नसण्यापेक्षा काहीतरी असणं मोठं. म्हणून २.०आरसी३ हे २.० च्या नंतरचं! 'आरसी म्हणजे आधीचं' हे तुम्हाआम्हाला माहीत आहे, मशीनला कोण सांगणार?

आणि गंमत म्हणजे (तेव्हा गंमत वाटली नव्हती) पायथॉनच्या जगात हेच नाव बरोबर आहे. पायथॉनच्या पॅकेजांचे नंबर कसे असावेत याचा नियम पेप ४४० नावाच्या दस्तऐवजात लिहिलेला आहे, २०१३ साली सुरू झालेला. त्यात ए, बी आणि आरसी या अक्षरांना अर्थ दिलेला आहे, आणि २.०आरसी३ हे २.० च्या आधीच धरलं जातं. मी मूळचा पायथॉनवाला. तिथला नंबर जसाच्या तसा उचलला आणि डेबियनच्या पॅकेजवर चिकटवला. एकच नाव, एका गावात धाकटं आणि दुसऱ्या गावात थोरलं. नियम न वाचता गाव बदललं, ही माझी चूक.

त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागलो. न संपलेल्या कामाला लोकांनी आजवर नंबर कसे दिले? शोधत गेलो तर मोठमोठ्या लोकांनीही इथं हात पोळून घेतलेले दिसले. जरा बरं वाटलं.

पहिली गोष्ट लिनक्सचीच. लिनस टॉरवाल्ड्सने सप्टेंबर १९९१ मध्ये पहिली आवृत्ती काढली, नंबर ०.०१. नम्र नंबर. पुढं जानेवारी १९९२ मध्ये ०.१२ पर्यंत आलं. आणि मार्च १९९२ मध्ये त्याने एकदम उडी मारली, ०.९५! कारण आता १.० अगदी दोन पावलांवर आहे असं वाटत होतं. म्हणजे सहा महिन्यांत ०.०१ ते ०.९५. आता उरलेल्या पाच शतांशांना किती वेळ लागला असेल? दोन वर्षं. ०.९६, ०.९७, ०.९८ भराभर गेले, डिसेंबर १९९२ मध्ये ०.९९ आलं आणि तिथं गाडी रुतली. १.० च्या आत जागाच संपली. मग ०.९९ चा पॅच १, पॅच २ असं करत पॅच १५ पर्यंत आणि शेवटी शेवटी त्यालाही इंग्रजी अक्षरं लावून १५ए, १५बी असं करत १५जे पर्यंत. १.० उजाडलं ते १४ मार्च १९९४ ला.

आपल्याकडे म्हण आहे, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. तुरी अजून बाजारात आहेत, घरात डाळ शिजलेली नाही, आणि भांडण मात्र आत्ताच. ०.९५ हा तसाच प्रकार. आपण तो आकडा वाचतो आणि डोक्यात येतं, पंच्याण्णव टक्के काम झालं. पण काम किती झालं हे काम संपल्याशिवाय कुणाला कळतं? प्रोजेक्ट प्लॅनमधलं '९० टक्के पूर्ण' तीन महिने ९० टक्केच राहतं हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

दुसरी गोष्ट डेबियनची, आणि ही तर माझ्या चुकीची थोरली बहीण. इयन मर्डॉकने १९९३ मध्ये डेबियन सुरू केलं. तेही ०.९१, ०.९३ असं करत १.० कडे चाललं होतं. नोव्हेंबर १९९५ मध्ये एका सीडी विकणाऱ्या कंपनीने सर्व्हरवरचं काम चालू असलेलं, अर्धवट डेबियन उचललं, सीडीवर टाकलं आणि वर नाव दिलं 'डेबियन १.०'. इंटरनेट महाग आणि सावकाश होतं तो काळ, लोक सीडी विकत घेऊनच लिनक्स बसवायचे. त्यामुळे नाव पक्क्याचं आणि आत माल कच्चा अशी सीडी लोकांच्या हातात. डिसेंबरमध्ये डेबियनच्या ब्रूस पेरेन्स यांना जाहीर करावं लागलं की हे आमचं १.० नाही, नीट चालण्याची शक्यता कमी आहे.

आता करायचं काय? १.० हा नंबर तर बाटला. खरं १.० काढलं तर कुठलं खरं, कुठलं खोटं हे कोण सांगणार? त्यांनी तो नंबर सोडूनच दिला. जून १९९६ मध्ये डेबियनची आवृत्ती आली ती थेट १.१. म्हणजे डेबियनचं १.० कधी जन्मलंच नाही. त्यानंतर त्यांनी आणखी एक शहाणपण केलं. काम चालू असताना आवृत्तीला नंबरच द्यायचा नाही, नाव द्यायचं. 'टॉय स्टोरी' सिनेमातल्या पात्रांची नावं, पहिलं होतं बझ. नंबर मिळतो तो बाहेर पडताना. आपल्याकडे बारसं होईपर्यंत बाळाला छकुली, बाळ्या असं काहीतरी म्हणतात, त्याच चालीवर!

पण नावाने माणसांचा प्रश्न सुटतो, मशीनचा सुटत नाही. मशीनला आधी काय आणि नंतर काय हे ठरवायला काहीतरी क्रम लागतो. आणि इथं मूळ अडचण आहे: जे अजून अस्तित्वातच नाही, त्याच्या आधीची जागा दाखवायची कशी?

यावर तऱ्हेतऱ्हेचे तोडगे निघाले. गनोमवाल्यांनी ३.० च्या आधीच्या कच्च्या आवृत्त्यांना २.९१ वगैरे नंबर दिले, म्हणजे खालच्या घरात उरलेली जागा वापरली. फेडोरावाले बराच काळ पॅकेजच्या नंबराच्या दुसऱ्या भागात खेळ करायचे. कच्च्याला २.० आणि पुढं शून्यापासून सुरू होणारा भाग, पक्क्याला २.० आणि पुढं एक. शून्य आधी, एक नंतर. चालतं, पण वाचणाऱ्याला कळायला चहा लागतो.

मला सगळ्यात आवडला तो डेबियनचा तोडगा. त्यांनी ~ हे चिन्ह घेतलं, टिल्ड, कीबोर्डवर डावीकडे कोपऱ्यात असतं आणि एरवी फारसं कुणी त्याकडे बघत नाही. नियम केला की हे चिन्ह सगळ्याच्या आधी. अक्षरांच्या आधी तर झालंच, पण 'काहीच नसण्या'च्याही आधी! म्हणजे २.०~आरसी३ हे २.० च्या आधी येतं, कारण २.० च्या पुढं रिकामं आहे आणि ~ हे रिकाम्याच्याही अलीकडचं. शब्दकोशात असं चिन्ह नाही. 'काम' या शब्दाच्या आधी लागेल असा, पण 'काम' पासूनच सुरू होणारा शब्द तुम्हाला लिहिता येणार नाही. त्यासाठी क्रमाचा नियमच नवा करावा लागला. पुढं २०१२ मध्ये आरपीएमच्या ४.१० या आवृत्तीतही हेच चिन्ह याच अर्थाने आलं.

मला हवं होतं ते एवढंच. एक अक्षर. आमच्या मशीनवर ती सोय पहिल्यापासून होती, मी वापरली नाही.

आता परत अजिंठ्याला येऊ, कारण भाच्याची वही अजून संपलेली नाही.

दुपारपर्यंत आम्ही २६ पर्यंत पोचलो. तो पहुडलेला बुद्ध बघून सगळेच गप्प झालो होतो. बाहेर आल्यावर भाच्याने वही काढली, आता २९ कुठं? तिथल्या एका रखवालदार काकांना विचारलं तर ते हसले. "तो मागंच राहिला की. वीस आणि एकवीसच्या मधी, वर."

झालं, भाच्याचा हिशोब पुन्हा कोलमडला. मग झाडाखाली बसून मोबाइलवर वाचून त्याला समजावलं, आणि समजावता समजावता मलाच समजलं.

अजिंठ्याचे नंबर कोरणाऱ्यांनी दिलेले नाहीत. २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ हा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्ताने इकडं आला आणि लेणी पुन्हा जगासमोर आली. त्यानंतर अभ्यासकांनी त्यांना नंबर दिले, वाघोरा नदीच्या वळणावरच्या पूर्वेच्या टोकापासून सुरू करून, चालत जाणाऱ्याच्या वाटेने. म्हणजे नंबर जागेचा आहे, वयाचा नाही. १ नंबर पाचव्या शतकातलं. सगळ्यात जुनी आहेत ती ९, १०, १२, १३ वगैरे, इसवी सनापूर्वीची. १ नंबर म्हणजे पहिली आवृत्ती असं समजून वाचलात तर सपशेल चुकाल.

आणि २९? ते कातळात सगळ्यात वरच्या अंगाला आहे, अर्धवट सोडलेलं. पहिल्यांदा मोजणी झाली तेव्हा नजरेतून सुटलं. नंतर लक्षात आलं तोवर २० आणि २१ हे नंबर देऊन झाले होते, मधे जागा नव्हती. मग ते शेवटी जोडलं. नंबर २९, जागा विसाव्याच्या शेजारी. दुसरं एक छोटं लेणं १५ आणि १६ च्या मधलं, तेही पहिल्या मोजणीत नव्हतं. त्याला शेवटी नाही जोडलं, मधेच घुसवलं आणि अक्षर लावलं, १५ए. आणि हे १५ए त्या जुन्या, इसवी सनापूर्वीच्या गटातलं. वयाने थोरलं, नंबराने पंधराचं शेपूट.

लिनसचं १५ए आणि अजिंठ्याचं १५ए. योगायोगच, पण कारण एकच: क्रम आधी ठरवून टाकला आणि मग मधे काहीतरी बसवायची वेळ आली.

परतीच्या वाटेवर २४ नंबरात थोडं थांबलो. हेही अपुरं. पूर्ण झालं असतं तर अजिंठ्यातल्या सगळ्यात मोठ्या विहारांत गेलं असतं. वाकाटक राजा हरिषेण पाचव्या शतकाच्या शेवटी शेवटी गेला, राज्य विस्कटलं, आणि वॉल्टर स्पिंक यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात की त्यासोबत इथली कामंही जिथल्या तिथं थांबली. काही खांब घडवलेले, काही नुसते दगडाचे ठोकळे. कोरणारे छतापासून खाली येत जायचे, त्यामुळे काम कुठवर आलं होतं ते आजही बघून कळतं. भाचा बराच वेळ एका अर्धवट खांबाला हात लावून उभा होता. ३ नंबरसारखं 'काहीच नाही' असं इथं म्हणाला नाही.

मला तिथं जाणवलं ते असं. अपुरं काम ही लाजायची गोष्ट नाही. त्या कारागिरांनी काही लपवलेलं नाही, दगडच सांगतोय की इथवर आलो होतो. लबाडी होते ती वरच्या नंबरात. अपुऱ्याला पुऱ्याच्या रांगेत उभं केलं की बघणारा फसतो. भाचा फसला तर फार तर वहीतली टिक चुकते. दुकानदार फसला तर त्याचा हिशोब चुकतो, आणि तो मशीनवर विश्वास टाकून बसलेला असतो.

म्हणून आता कच्च्या पॅकेजला नंबर देताना मी 'किती झालं' हा विचार सोडून दिलाय. एकच प्रश्न विचारतो: हे कशाच्या आधीचं आहे? ते ठरलं की तो नंबर लिहायचा, पुढं ~, आणि मग आरसी, बीटा काय हवं ते. आणि बाहेर काढायच्या आधी डीपीकेजीला विचारून घ्यायचं की बाबा, या दोघांत थोरलं कोण? त्यासाठी त्यात तयार कमांड आहे, एका ओळीची. पाच सेकंद लागतात. मला ते पाच सेकंद वाचवायला सतरा दिवस पडले.

आमच्या त्या दुकानांचं पुढं काय झालं? साधा मार्ग होता, पक्क्याला २.०.१ म्हणायचं आणि पुढं सरकायचं. पण करारात, ट्रेनिंगच्या पुस्तकात, सगळीकडे २.० छापून झालं होतं. मग शेवटचा उपाय केला, एपॉक. नंबराच्या आधी १ आणि विसर्ग, १:२.०. याचा अर्थ मशीनला सांगायचं की मागचं सगळं मोजणं रद्द, आता नवीन युग सुरू. काम लगेच झालं, त्याच रात्री सगळी मशीन अपडेट झाली. दुकानदारांना मी स्वतः फोन करून चूक आमची होती हे सांगितलं, बिलांची यादी काढून दिली. दोघं रागावले, एकाने चहाला बोलावलं.

पण एपॉकची मेख अशी की तो एकदा लावला की काढता येत नाही. काढला तर पुढचं प्रत्येक पॅकेज मशीनला जुन्या युगातलं वाटणार. त्यामुळे आता २.१ येईल, ३.० येईल, मी नोकरी सोडून जाईन, तरी तो १ आणि दोन टिंबं तशीच राहणार.

मागच्या आठवड्यात टीममध्ये नवीन पोरगी आली आहे, यंदाच पास झालेली. तिने दुसऱ्याच दिवशी विचारलं, "सर, बाकी कुठल्याच पॅकेजला नाही, मग याच्या पुढंच हा १ कशाचा?"

म्हटलं, बस, सांगतो. अजिंठ्याला गेली आहेस का कधी?